अनोळखी पुरुष, ४५ ते ५०

नम्रताने फोल्डर उघडला आणि हाताने अर्धा पडदा झाकला. सगळे चेहरे परत आले होते. शनिवारी संगणकाने कोणालाही न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं, आणि तिने लावून ठेवलेली मांडणी जाता जाता पुसून टाकली होती. एका ओळीत पाच, अशा फोटोंच्या ओळी खाली खाली जात होत्या. पाण्याने फुगलेले चेहरे, वाळू चिकटलेले चेहरे, आणि ज्यांना चेहरा म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा, असेही.

पावणेअकरा झाले होते. मथुरामावशीची दापोलीची गाडी अकराच्या सुमारास यायची.

तिने घाईघाईने व्ह्यूमध्ये जाऊन डिटेल्स निवडलं. चित्रं गेली, नावांची यादी आली. मग ऑप्शन्स, त्यातलं 'अप्लाय टू फोल्डर्स', आणि 'येस'. शेवटी, फोटोऐवजी नुसतं चिन्ह दाखवा, या ओळीपुढे टिक केली. आता कुठलाही फोल्डर उघडला तरी आधी अक्षरंच दिसणार होती. हे सगळं ती सप्टेंबरात मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होती. कचेरीत विचारण्यासारखं कोणी नव्हतं. इथे संगणक अडला की लोक आधी त्याच्या डोक्यात थाप मारायचे.

"घालवलेस परत फोटो?" हवालदार महिपत दारातून म्हणाले. "मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत गो. फोटो कसा, बघितला की कळतो."

"मावशी यायच्यात आज."

"हां, मग राहू दे," ते म्हणाले आणि चहाला निघून गेले. माणूस कुरकुऱ्या, पण आतून मऊ होता.

रत्नागिरीतल्या त्या पोलीस कचेरीच्या मागच्या खोलीत नम्रता कंत्राटावर टंकलेखनाचं काम करत होती. किनाऱ्यावर लागलेल्या बेवारस प्रेतांचे फोटो 'अनोळखी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवणं, हे त्यातलंच एक. प्रत्येकाचे दोन फोटो असत, एक चेहऱ्याचा, एक अंगावरच्या कपड्यांचा. फाइलीच्या नावात क्रमांक, स्त्री की पुरुष, अंदाजे वय आणि गावाचं नाव. वय लिहायचा तो पुळणीच्या वाळूत पंचनामा करणारा माणूस, नाकाला रुमाल लावून, लांबून. नम्रता फक्त टाइप करायची.

मथुरामावशी दापोलीजवळच्या बुरोंडीची. मासे विकणारी बाई, उन्हाने रापलेली, बोलायला मोकळी. ऑगस्टच्या शेवटी तिचा मुलगा निहार ज्या होडीवर होता ती उलटली. तिघे पोहत आले. निहार आला नाही. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ती एकटीच इथे आली होती, आणि नम्रताने, तेव्हा तिला काही कळत नव्हतं म्हणून, तिला पडद्यासमोर बसवून फोल्डर उघडला होता. चाळीस जण एकदम समोर आले. मावशीने टेबलाची कड धरली. बराच वेळ ती एकेकाकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं होतं, "एवढ्यांच्या आया कुठं हायत गो?" बाहेर नळावर जाऊन ती ओकली होती.

हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं नम्रताने त्याच दिवशी ठरवलं. तेव्हापासून मावशी यायची तेव्हा पडद्यावर यादी असायची. नम्रता यादीतून खाली जायची, पंचवीस ते तीस वयाचे पुरुष तेवढे बाजूला काढायची, त्यांचा चेहऱ्याचा फोटो आधी स्वतः बघायची आणि मगच पडदा मावशीकडे वळवायची. मावशी मान हलवायची. चार वेळा हलवली. दर खेपेला ती सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी आणायची, नम्रताने नको म्हटलं तरी टेबलावर ठेवून जायची. घरी सोड्यांची भाजी व्हायची, आणि आपण एक तरी काम बरं करतो असं नम्रताला वाटायचं.

आज मावशीबरोबर तिची सून होती. राही. चोवीस-पंचवीसची, हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. सहा महिन्यांत कोणी त्या बांगड्यांना हात लावला नव्हता. मावशीने लावू दिला नव्हता.

"ऐकंना," मावशी बसता बसता म्हणाली. "म्हणाली, मी पण येतंय. म्हटलं, चल."

नम्रताने यादी खाली सरकवली. जानेवारीनंतर दोन नवे होते. एक बाई होती, दुसरा साठीचा म्हातारा.

"नवीन कोणी नाही, मावशी."

मावशीने सुटल्यासारखा श्वास सोडला. दर वेळी ती असाच सोडायची. उठायला तिने गुडघ्यावर हात ठेवला, पण राही जागची हलली नाही. ती पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत होती.

"ताई, तुमी कशावरून काढता, कुठला दाखवायचा?"

"वयावरून. आणि मग चेहरा."

"चेहरा?" राही म्हणाली. "पाण्यात चेहरा कुठं ऱ्हातो, ताई? आमच्यात चेहऱ्यावरून कोणी वळखत नाय. कपडे बघतात."

नम्रताने मावशीकडे पाहिलं. मावशी थोडी ओशाळली.

"खरं हाय ते," ती म्हणाली. "आमी कपडेबी जाळ्याच्याच दोऱ्यानं शिवतो, जाळ्याचीच गाठ मारून. पाण्यात सुटत नाय. घरागणिक गाठ वायली, एकासारखी दुसरी नाय. पण म्हटलं, सरकारात चेहराच बघत असतील. तू एवढं मायेनं दाखवतेस, तुला कुठं शिकवायचं?"

"जाताना त्यांच्या हाफ पँटीचा खिसा उसवला व्हता," राही म्हणाली. "मी शिवला. हिरव्या दोऱ्यानं." ती खुर्चीत पुढे सरकली. "सगळे कपडे एकदम दिसतील असं नाय करता येत? वय न बघता?"

येत होतं. एका क्लिकचं काम होतं. नम्रताने आधी खुर्ची मावशीकडे वळवली. तिने मावशीला विचारलं, "तुम्ही बाहेर बसता का जरा?"

"नाय. बसतंय मी."

नम्रताने टिक काढली. लार्ज आयकॉन्स. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग एकेक चौकोन भरत गेला. चेहरा, कपडे, चेहरा, कपडे. राहीने चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. भाजीतला खडा शोधावा तशी तिची नजर फक्त कपड्यांवरून फिरत होती. खालच्या एका ओळीवर ती थांबली. तिने बोट पुढे केलं, पण काचेला टेकवलं नाही.

"ह्यो मोठा करा."

करड्या हाफ पँटीच्या उजव्या खिशावर हिरव्या दोऱ्याची एक जाड ओळ होती. टोकाला तिरकी दुहेरी गाठ. बाकी कापड विरून फाटलं होतं, पण ती ओळ कालच शिवल्यासारखी घट्ट होती.

फाइलीचं नाव होतं, 'पुरुष, ४५ ते ५०'.

निहार सत्तावीस वर्षांचा होता.

मावशीने वाकून बघितलं. मग सुनेचा हात मनगटाशी धरला. राहीच्या हिरव्या बांगड्या मावशीच्या मुठीत दबल्या होत्या, आणि मावशी मूठ सोडत नव्हती.

"कुठं हाय तो?" मावशीने विचारलं.

नम्रताने त्या क्रमांकाबद्दल नगरपालिकेकडून आलेलं पत्र उघडलं. तिला आधीच भीती वाटत होती, आणि ती खरी ठरली. प्रेत मिळालं अकरा सप्टेंबरला, मावशीच्या पहिल्या खेपेनंतर चार दिवसांनी. सव्वा महिना शवागारात ठेवलं. कोणी आलं नाही म्हणून सतरा ऑक्टोबरला अंत्यविधी उरकला. मावशी दुसऱ्यांदा आली होती ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी. ती याच खुर्चीत बसली होती. तिचा मुलगा तेव्हा इथून दहा मिनिटांवर होता, आणि नम्रता वयाच्या आकड्यावरून त्याच्यापुढे निघून गेली होती. पडद्यावर फोटो असते तर मावशीने तिथल्या तिथे बोट ठेवलं असतं.

"ठेवत नाहीत, मावशी, फार दिवस," नम्रता म्हणाली. "अग्नी दिलाय त्यांना."

"कोणी?"

"नगरपालिकेचा माणूस आहे, सदू म्हणून. तो देतो अशांना."

"कधी?"

नम्रताने तोंड उघडलं. खरं सांगायला हवं होतं, आणि सांगायचं धैर्य तिच्यात नव्हतं. पत्रातल्या तारखा इंग्रजी आकड्यांत होत्या, आणि मावशीला ते वाचता येत नव्हते. पण राही खांद्याआडून पत्राकडे बघत होती. तिची नजर एका ओळीवर थांबली, तिथून वरच्या ओळीवर गेली, आणि मग नम्रताच्या चेहऱ्यावर येऊन स्थिर झाली.

"सप्टेंबरातच, आई," राही म्हणाली. "तुमच्या पयल्या खेपेनंतर मिळाले, नि चार दिवसांत उरकलं. तुमी दुसऱ्यांदा आलात तवा काय नव्हतं ऱ्हायलेलं."

"म्हंजे आपल्याला गावलाच नसता."

"नसते गावले."

मावशीने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. नम्रताला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

महिपत चहा घेऊन आले आणि खोलीत शिरताच त्यांना कळलं. त्यांनी पेले खाली ठेवले आणि आवाज न करता कागद काढले. मावशीचा जबाब, अंगठा, राहीची सही. डीएनएचा नमुना राखून ठेवलेला आहे, तो जुळवायला आईचं रक्त द्यावं लागेल, मग मृत्यूचा दाखला, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मावशी सगळ्याला हो म्हणत होती. उठताना तिने पिशवीतली सोड्यांची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"मावशी, आज नको. खरंच नको."

"घे गो बाय. परक्याच्या लेकरासाठी एवढं कोण करतं? तू मला ती सगळी मढी बघू दिली नाहीस. तुझं बरं होईल." मग ती महिपतांकडे वळली. "त्या सदूचं घर कुठं आलं? ज्यानं माझ्या पोराला अग्नी दिला, त्याला नारळ द्यायला होवा. त्याला विचारायचं हाय, दिवस कुठला व्हता. त्या तिथीला वर्षश्राद्ध करायला लागंल."

महिपतांनी रस्ता सांगितला. मावशी पायऱ्या उतरून आवारात गेली. पाठोपाठ निघालेली राही दारातून परत फिरली. महिपत कपाटाशी कागद लावत होते. ती टेबलाजवळ आली, अगदी जवळ.

"त्या सदूला फोन करा," ती हळू म्हणाली. "आमी पोचायच्या आत. पंधरा सप्टेंबर सांगायला सांगा. तीच तिथी धरतील त्या."

"करते. लगेच करते." नम्रताला रडू फुटलं. "राही, मी मुद्दाम नाही गं केलं. त्यांना ते बघावं लागू नये म्हणून... तू सांभाळून घेतलंस म्हणून, नाहीतर मी..."

"सहा महिने त्या रोज दारात पाणी ठेवतात, लेक आला तर पाय धुवायला," राही म्हणाली. "महिनाभर तो हितं पडून व्हता हे कळलं तर त्या जगायच्या नायत. म्हणून बोलले. तुमच्यासाठी नाय."

तिने पदराने चेहरा पुसला, कुंकू तेवढं वाचवून. ते सासूनेच पुसायचं होतं, घरी गेल्यावर. मग ती बाहेर गेली. आवारात मावशी उन्हात उभी राहून कुणाला तरी विचारत होती, इथे नारळ कुठे चांगला मिळतो.