पडलेलं फाटक

फाटक उघडलं आणि आई अलीकडे येऊन खुर्चीत टेकली. ते असो. तसं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण आत्ता तिचा मुलगा वाकून त्या काडीएवढ्या दांड्याकडे पाहतोय — लाल-पांढऱ्या पट्ट्या, टोकाला बाबांनी चिकटवलेला मणी — आणि दांडा आडवाच आहे.

बोळकांडीतल्या लांब फळीवर बाबांची छोटी आगगाडी धावायची, आणि नियम असा, की फळीवरचं फाटक पडलं की घरानंही थांबायचं. बोळकांडी ओलांडायची नाही म्हणजे नाही. लहानपणी त्यापायी शाळेला उशीर व्हायचा. ‘फाटक पडलं होतं’ हे कारण मास्तरांना अगदी पटायचं. आता इंजिन कपाटात, फडक्यात गुंडाळलेलं. रुळांवर एक डबा नाही. तरी सकाळी टक्‌ झालं, दांडा खाली आला, आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली ती थांबलीच. चौकटीला हात. पावलं सुजून भाकरीसारखी.

“आई, ये ना. खेळणं आहे ते.”

“फाटक पडलंय.”

“अगं, गाडीच नाहीये!”

“गाडी नाही तर पडेल कशाला? वेडं आहे का ते?”

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांशी दारातून गोड बोलणं हा त्याचा धंदाच, पण त्या माणसांना निदान बाहेर यायचं असतं...

साबणाच्या डबीत बाबांनी सगळी यंत्रणा बसवलेली. रुळाखाली दोन कळा. इंजिनाच्या पोटाला लोहचुंबक — ते पहिल्या कळेवरून गेलं की दांडा खाली, दुसरीवरून गेलं की वर. त्यानं तारा तपासल्या, डाग दिलेले सांधे तपासले. सगळं ठणठणीत. डबी सांगितलेलंच काम करत होती. बिघाड म्हणायचा तर एवढाच, की गाडी आत आली होती आणि बाहेर पडली नव्हती.

मानेवरून गार काहीतरी सरकलं. पंखा बंद होता.

हे मी कुणाला सांगू? — ताईला? ती ‘बाबा सुटले’ म्हणून मोकळी झाली. शेजारी ‘वारले’ म्हणतात. तो मात्र फोनवर सांगत आलाय, “बाबा नसतात.” त्यावर परवा एकानं विचारलंही, “मग कधी असतात?” आणि हा चांगला मिनिटभर विचारात पडला.

पिशवीतून त्यानं चुंबक काढलं, दुसऱ्या कळेवर धरलं, टेकवलं मात्र नाही.

“गेली का रे?” आईनं विचारलं. “नुसतं वर करू नकोस. गेली असं तोंडानं म्हण, मग येते.”

एवढासा शब्द. सगळं घर त्याला वळसा घालून चालत होतं. आईनं चौकटीवरचा हात बदलला.

“गेली,” तो म्हणाला.

टक्‌. दांडा वर. आई निघाली — अंग चोरून, भिंतीला घासून, समोरून येणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी तशी — आणि खुर्चीत टेकली. (हे झालेलं नाही, ठरलंय आपलं.) त्यानं प्लग उपटला, चुंबक खिशात टाकलं. संपलं.

टक्‌.

प्लग त्याच्या मुठीत होता. दांडा आडवा.

“परतीची असेल,” आई डोळे मिटून म्हणाली. “दूध ठेवलंय हं गॅसवर.”

दूध पलीकडे. हा अलीकडे. चार पावलं. त्यानं पाऊल उचलायचं ठरवलं, आणि पाऊल... पाऊल शहाणं होतं, उचललं गेलं नाही. दूध वर यायला लागल्याचा वास आला. लाज वाटायला हवी होती. वाटलं मात्र लहानपणी वाटायचं तसं, की आता कुणीतरी हिरवं निशाण दाखवेल, तोवर थांबायला काय हरकत आहे. आणि ज्या भाषेत तो लिफ्टच्या तक्रारींना उत्तरं देतो, त्याच भाषेत मनात वाक्य जुळत गेलं — सदर गाडी फाटकात खोळंबली असून ती विनाविलंब पुढे रवाना करण्यात यावी; ते शक्य नसल्यास, गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना निदान चहापुरतं खाली उतरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.