भंडाऱ्याचे उपास

मी राजाबाई, कुणाची तोंडदेखली तारीफ करणारी नव्हे. घरात विचारा कुणालाही. पण माझी धाकटी जाऊ दुर्गा, तिच्यापुढे मी हात जोडले, आणि तेही एका कुत्र्यापायी.

छपनियाचा, म्हणजे संवत छप्पनचा, दुष्काळ सरून पाच-सहा वर्षं झाली होती. दुर्गा कुक्षी गावाहून लग्न होऊन देवासला आमच्या घरी आली, ती पिवळं पिल्लू कुशीत घेऊनच. आई तिची लहानपणीच गेलेली, माहेरचं म्हणावं असं तेवढंच. हळदीचा रंग म्हणून नाव भंडाऱ्या. आमचं कुलदैवत खंडोबा, कुत्रा देवाचा. म्हणून सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, त्याला घरात घेतलं. अक्कांचा शब्द म्हणजे दरबारचा हुकूम. चंपाषष्ठीला नैवेद्य दाखवला की पहिलं पान भंडाऱ्यापुढे, हेही त्यांनीच ठरवलं.

आता देवाचा कुत्रा म्हटल्यावर देवाचे नेमही आलेच. घरात एकादशी असो, सोमवार असो, त्या दिवशी भंडाऱ्यालाही काही नाही. अक्का आल्यागेल्याला सांगायच्या, "आमचं कुत्रंसुद्धा एकादशी करतं हो." पाहुणे हात जोडायचे. कुत्रं बिचारं चुलीकडे बघत बसायचं. त्यात तुळशीजवळ घाण केली की गडी गणोजी काठी हाणायचा.

दसरा झाला आणि एका सकाळी अक्कांनी भंडाऱ्याला अंगणात स्वतःचीच घाण खाताना पाहिलं. त्या परत न्हाल्या आणि ओल्या केसांनीच म्हणाल्या, "नैवेद्याला हे तोंड लागणार? जित्याची खोड ती. चंपाषष्ठीपर्यंत सुटली तर बरं, नाहीतर गणोजी, याला लोहारद्याच्या रानात सोडून ये." त्या रानात तेव्हा बिबटे होते. दुर्गाचा चेहरा पांढराफटक पडला.

मी म्हटलं, घाणीवर तिखट टाका. टाकलं. भंडाऱ्या शिंकला आणि तिखटासकट खाऊन मोकळा झाला. दुर्गा मात्र ओसरीवर बसून त्याला नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "जाऊबाई, उपासाच्या दुसऱ्या दिवशी तो हमखास खातो. आणि काठी दिसली की घाईघाईनं खातो. पोटात आग आहे, आणि मार चुकवायला केलेलं लपवतोय."

"मग सांग की अक्कांना. आधी पोटोबा, मग विठोबा."

"देवाचा नेम मोडा, असं सून सांगणार?"

खरं होतं. मी असते तर दोन दिवस फोकट बडबड केली असती आणि गप्प बसले असते. ही पदर सावरून अक्कांसमोर गेली. म्हणाली, "अक्का, बाई नवऱ्यासाठी उपास करते, आई लेकरासाठी करते. पोट हिचं, पुण्य त्याचं. भंडाऱ्याचे उपास मी करीन. माझा स्वतःचा उपास फराळाचा असतो. आता त्याच्या वाटचाही धरीन, म्हणून त्या दिवशी पाणीही घेणार नाही. त्याला तेवढी भाकरी मिळू द्या."

अक्कांचा उभा जन्म दुसऱ्यांच्या नावानं उपास करण्यात गेलेला. त्या नाही कशाला म्हणतील? "बरं," एवढंच म्हणाल्या.

मग बाईसाहेबांनी काय काय केलं म्हणता! काठी माळ्यावर गेली. भंडाऱ्याला रोज पोटभर भाकरी, कधी हाडांचा रस्सा. सकाळी दोरी धरून स्वतः त्याला गोठ्यामागे न्यायची. झालं की हाक मारायची, तो आला की भाकरीचा तुकडा हातावर धरायची, आणि लगेच जाऊन घाणीवर राख टाकून उचलायची. दरबारी घरातली सून, हातात राखेचं टोपलं. मला तर अभिमानच वाटला. हळूहळू कुत्रं मागे बघेनासं झालं. झालं की सरळ हिच्या हाताकडे पळायचं.

पण दुर्गाला दिवस गेले होते. चंपाषष्ठीच्या आधीच्या सोमवारी ती चुलीपुढेच कोसळली. अक्कांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाण्याची वाटी ओठांना लावली. हिनं तोंड मिटून घेतलं.

"भंडाऱ्याचा उपास आहे आज," ती पुटपुटली. "मी प्याले तर त्याची भाकरी बंद होईल. मग पुन्हा तेच खाईल. मग रान."

अक्कांनी वाटी पुन्हा तिच्या ओठांना लावली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, लपवायचं काय त्यात.

"पी गं पोरी," त्या म्हणाल्या. "त्याचे उपास आजपासून माझ्याकडे."

चंपाषष्ठीला आरती झाली, तळी भरली. अक्कांनी रोडगा-भरिताचं पान आपल्या हातानं भंडाऱ्यापुढे ठेवलं. तो बसून राहिला. पानाकडे बघेना, दुर्गाच्या हाताकडे बघत होता. आम्ही सगळे उभे, नैवेद्य तसाच पडलेला.

अक्का भिंतीला टेकल्या. भंडाऱ्याच्या नावाचा उपास, तो पानाला तोंड लावीपर्यंत सुटायचा नाही; सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

"दुर्गे, सांग गं त्याला खा म्हणून," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय मला."

इतकी वर्षं या घरात काढली, अक्कांच्या तोंडून भूक हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.