सर्वेच्या यादीतलं आमचं घर

शनिवारी सकाळी अकरापर्यंत सतरा जणांनी माझ्या कानावर फोन आपटला होता. आठ जणांनी उत्तरं दिली होती. आणखी एका बाईने उत्तर न देता वीस मिनिटं आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत ऐकवली होती, आणि शेवटी म्हणाली, "राष्ट्राध्यक्षांचं म्हणशील तर मला काय घेणंदेणं, बाई?" तिच्यापुढे मी 'काही सांगता येत नाही' असं नोंदवलं.

प्रश्न एकच होता, बाकीचे त्याच्या आगेमागे लावलेले. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवून त्यांना पदावरून काढावं, असं तुम्हाला वाटतं का? पुढच्या आठवड्यात मतदान होतं आणि आमच्या भागाचा खासदार अजून कुंपणावर बसला होता. एका वर्तमानपत्राला लोकांचं मत हवं होतं. तीन दिवसांत चारशे माणसं, एवढंच आमचं काम. स्क्रॅन्टन शहरातल्या आमच्या सर्वे कंपनीच्या लांबट खोलीत चौतीस बूथ होते आणि मी अकरा नंबरला बसत होते. नंबर संगणक फिरवायचा. कुठला लागेल ते आपल्या हातात नसायचं.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं होतं. शेनान्डोआ हे गाव याच मतदारसंघात येतं आणि शेनान्डोआत माझे वडील राहतात. शुक्रवारपासून पडद्यावर तिथले पहिले तीन आकडे उमटले की मी खुर्चीत पुढे सरकायचे. पुढचे चार आकडे वेगळे निघाले की हायसं वाटायचं, आणि लगेच स्वतःचाच राग यायचा, कारण हायसं वाटण्याच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. मला तो नंबर लागायला हवा होता. सप्टेंबरपासून मी तो स्वतः फिरवलेला नव्हता.

"अकरा नंबर, पाय हलवणं बंद कर," शेजारच्या बूथमधून ओडेल म्हणाला. ओडेल निवृत्त बस ड्रायव्हर होता. फोनवर त्याचा आवाज इतका गोड व्हायचा की बायका त्याला स्वतःहून नातवंडांची नावं सांगायच्या. "तुझ्यामुळे माझं टेबल हलतंय. माझा माणूस विचारतोय, भूकंप आहे का."

"त्याला म्हणावं, महाभियोगाचे धक्के आहेत."

"असं बोलायला परवानगी नाही आपल्याला," तो म्हणाला आणि पुढचा फोन घेतला.

खरंच परवानगी नव्हती. आम्ही मत विचारायचं, द्यायचं नाही. कुणी विचारलं, 'तुम्हाला काय वाटतं?' तर म्हणायचं, 'तुमचं मत महत्त्वाचं आहे.' प्रश्न कागदावर आहे तसा वाचायचा. समजावून सांगायचं नाही, हुंकार भरायचा नाही. नावसुद्धा आपलं सांगायचं नाही. सगळ्यांना एकेक फोनचं नाव होतं आणि माझं होतं एलेन पार्कर. रेजिना युर्कोनिस हे माझं खरं नाव फोनवर निम्म्या लोकांना कळत नाही, आणि उरलेले निम्मे विचारत बसतात की तुम्ही कुठल्या युर्कोनिसांपैकी.

मला मात्र मत होतं. राष्ट्राध्यक्षांवर आरोप होता की कार्यालयातल्या एका तरुण मुलीबद्दल ते शपथेवर खोटं बोलले. मला वाटत होतं, काढावं, आणि आजच्या आज काढावं. सप्टेंबरात जेवताना मी डॅडना हे सांगितलं. डॅड जन्मभर कामगार युनियनचे. ज्या पक्षाला आजोबांनी मत दिलं त्यालाच, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाला, ते देत आलेले. ते म्हणाले, "कशाला काढायचं? मोठ्या माणसाच्या खाजगी भानगडी आहेत त्या. आणि ती पोरगी काय कुक्कुलं बाळ होती?"

मी एकोणीस वर्षांची असताना ज्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला होते तिथे लेनहार्ट नावाचा मॅनेजर होता. तो मला गोदामात गाठून अंगाला हात लावायचा. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा डॅडनी टेबलाकडे बघत म्हटलं होतं, "तोंड बंद ठेव आणि दुसऱ्या मजल्यावर बदली मागून घे. तुझी आईही तिथेच काम करते." एकोणीस वर्षं आमच्या घरात त्या माणसाचं नाव निघालं नाही. मी अडतीस वर्षांची झाले, आई गेली, मी डॅडबरोबरच राहत होते आणि रोज तासभर गाडी चालवून कामाला येत होते. पण त्या रात्री 'ती पोरगी' हे शब्द मला माझ्यासाठीच वाटले. मी ताट सरकवलं, दोन पिशव्या भरल्या आणि स्क्रॅन्टनला भाड्याची खोली घेतली. नोव्हेंबरात माझा वाढदिवस येऊन गेला. ना त्यांनी फोन केला, ना मी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आमच्या घराचा नंबर आला.

नियम साधा होता. ओळखीचं माणूस निघालं तर 'चुकीचा नंबर' म्हणून फोन ठेवायचा आणि सुपरवायझर मर्ल हार्टझेलला सांगायचं. फोन ठेवायला एक बटण पुरतं. माझं बोट त्या बटणावर होतं. तिकडे घंटा वाजत होती, आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन दिसत होता.

"हॅलो," डॅड म्हणाले.

"नमस्कार सर. मी एलेन पार्कर. आम्ही सध्याच्या घडामोडींवर लोकांची मतं जाणून घेतोय. आम्ही काही विकत नाही."

 तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"विचारा," ते म्हणाले.

डॅड फोनवर अनोळखी माणसाला 'विचारा' म्हणणारे नव्हेत. ते 'नको' म्हणतात आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ठेवतात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझे डोळे फक्त पडद्यावरच्या पुढच्या ओळीला चिकटले होते.

"सर, तुमच्या घरात अठरा वर्षांवरची किती माणसं राहतात?"

हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. ज्याने फोन उचलला त्याचंच मत घेतलं तर सगळी उत्तरं फोन उचलायची हौस असणाऱ्यांचीच येतील. म्हणून आधी माणसं मोजायची, आणि त्यांतल्या ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला त्याच्याशीच बोलायचं. तो घरात नसेल तर पुन्हा फोन करायचा. दुसरं कुणी चालत नाही.

डॅडनी बराच वेळ घेतला. एकट्या राहणाऱ्या माणसाला एवढा वेळ लागायला नको होता.

"दोन," ते म्हणाले.

पुढची ओळ मला वाचता येईना. अक्षरं समोर होती आणि वाचता येत नव्हती. ओडेलने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"त्या... दोघांपैकी सर्वांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?"

"मुलीचा. बावीस नोव्हेंबर. केक आणला होता, ती नव्हती. मग शेजाऱ्यांना देऊन टाकला."

हे सगळं नोंदवायला पडद्यावर जागा नसते. मी तारीख घातली.

"मग सर, आम्हाला त्यांच्याशी बोलावं लागेल. त्या... आत्ता घरी आहेत का?"

"नाही. कामावर गेलीय."

"कधी भेटतील?"

 तिकडे खुर्ची करकरली.

"तीन वाजता करा," डॅड म्हणाले. "तीनपर्यंत येईल ती. रस्ता खराब आहे, सावकाश यावं लागेल."

"त्यांचं पहिलं नाव?"

"रेजिना."

मी टाइप केलं. रेजिना, तीन वाजता. मग मी त्यांना म्हटलं, "आपला वेळ दिल्याबद्दल आभारी आहे," कारण कागदावर तेच लिहिलेलं होतं.

मर्ल हार्टझेल कुणाचेही फोन मधूनच ऐकायची. माझा ऐकला होता की नाही, ते कळायला मार्ग नव्हता, पण ती समोरून चालत आली तेव्हा मी हेडफोन काढून उभी राहिले.

"ते माझे वडील होते," मी म्हटलं.

"ऐकलं मी. नियम माहीत आहे?"

"आहे."

"मग ठेवला का नाहीस?"

"ठेवता आला नाही."

मर्लने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता नोकरी गेलीच. ती नियमावर बोट ठेवून चालणारी बाई. एकदा एका मुलीने 'बरोबर आहे' असं म्हटलं म्हणून तिने अख्खी मुलाखत रद्द केली होती. तिने हातातल्या पॅडवर काहीतरी लिहिलं आणि दोनदा खोडलं.

"तीनचा फोन संगणकात गेलाय," ती म्हणाली. "तो मी हाताने काढणार नाही, हिशेब बिघडतो. तिथे कुणी उचलला आणि सांगितलं की आपण सर्वे कंपनीत काम करतो, तर ते घर रीतसर बाद होईल. त्यासाठी तिथे कुणीतरी असायला हवं."

"आणि माझं?"

"तुझं सोमवारी बघू. आत्ता घरी जा. तू बसलीस तर आणखी घोळ घालशील."

रस्त्यावर बर्फ पडून चिखल झाला होता आणि ट्रक पुढे हलायला तयार नव्हते. मी तासाभराचा रस्ता तीन तासांत कापला आणि सगळा वेळ स्टीअरिंगवर बोटं आपटत होते. त्यांनी ओळखलं असेल? ओळखलं नसेल तर मग 'दोन' का म्हणाले? वय झालं, घोटाळा झाला असेल? आणि ओळखलं असेल तर मी तिथे जाऊन काय बोलणार? वाटेत एका पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली आणि परत फिरायचा विचार केला. मग वाटलं, ओडेल किंवा आणखी कुणी तीन वाजता फोन करेल आणि डॅडना म्हणावं लागेल की ती आलीच नाही. ते मला सहन होईना. मी गाडी पुढे काढली.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी मागच्या दाराने आत शिरले. डॅड टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, चर्चला जायचा शर्ट घातलेला. चर्चच्या विक्रीतून आणलेलं बटाट्याचं कुगेलिस गरम करून ठेवलं होतं आणि ताटं दोन होती.

"बूट काढ," ते म्हणाले. "फरशी पुसलीय."

"तू ओळखलंस?"

"मी बाप आहे तुझा. नाव दुसरं लावतेस तर आवाजही दुसरा लावायचा होतास."

मी बूट काढत होते तेवढ्यात फोन वाजला. डॅडनी उचलला, ऐकलं, "थांबा, आत्ताच आलीय," असं म्हणून रिसीव्हर माझ्यापुढे धरला. 

"रेजिना यांच्याशी बोलतोय का?" ओडेलचा मध लावलेला आवाज आला. "आपण किंवा आपल्या घरातलं कुणी जनमत चाचणी करणाऱ्या कंपनीत काम करतं का?"

"हो," मी म्हटलं. "मी अकरा नंबरला बसते."

 "मग आपले आभार, मॅडम," ओडेल म्हणाला. "आणि आता तरी पाय हलवू नका." मी फोन ठेवला.

"झालं?" डॅड म्हणाले. "एवढंच?"

"आपलं घर बाद झालं. आता आपल्याला कुणी विचारणार नाही."

"मी कालपासून त्या फोनची वाट बघतोय," ते म्हणाले. "पेपरात आलं होतं की आपल्या भागात विचारणार आहेत. तू तिथेच काम करतेस. म्हटलं, कधीतरी लागेल."

मी खुर्चीवर बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी कशाला आधी वाट द्यावी ते कळेना.

"मी विचारते," मी म्हटलं. "राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवून त्यांना पदावरून काढावं, असं तुला वाटतं का? हो, नाही, की काही सांगता येत नाही?"

"उठून जाणार नसशील तर सांगतो."

"नाही जात."

"नाही," डॅड म्हणाले. "काढू नये. माझं मत बदललेलं नाही आणि तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही."

मी खुर्ची थोडी मागे सरकवली. पण मी बसून राहिले. त्यांनी ताटात कुगेलिस वाढलं, माझ्याही वाढलं, आणि काटा तसाच हातात धरून ठेवला.

"आता लेनहार्टचं विचार," ते म्हणाले.

"तो प्रश्न कागदावर नाही, डॅड."

"नाही ना. म्हणून तूच विचार."

मला दहा वर्षांत हजारो प्रश्न विचारायची सवय झालेली, पण ते सगळे कागदावरून वाचलेले. ते वाट बघत होते. एकोणीस वर्षांपूर्वी टेबलाकडे बघणारा माणूस आता माझ्याकडे बघत होता, आणि डोळे हटवत नव्हता.

"तू तेव्हा काय करायला हवं होतंस?" मी विचारलं.

"कारखान्यात जाऊन त्याची कॉलर धरायला हवी होती. तुझ्या आईची नोकरी गेली असती तरी," डॅड म्हणाले. "मी घाबरलो. तुला गप्प बसवलं. सप्टेंबरात त्या पोरीबद्दल बोललो तेव्हाही मला माहीत होतं की मी कुणाबद्दल बोलतोय."