जिंजरचं शिंग

इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायची स्पर्धा होती. उंब्रजच्या आमच्या शाळेतून एकच जण सांगलीला जाणार, आणि ती मीच, हे मी अख्ख्या दहावीला सांगून टाकलेलं. शब्द मात्र गुपित! कारण सरांचा नियम होता: शब्द जो आधी बोलेल त्याचा.

माझा शब्द जिंजर. आमच्या रानात आल्याचंच पीक असतं, म्हणून. शोधत शोधत मागं गेले, लॅटिन, आणि थेट ग्रीक! झिंगिबेरिस! कसला भारी! संयोगिताला तेवढं सांगितलं. पहिलीपासून एका बाकावर बसतो आम्ही. तिला नाही तर कुणाला सांगणार? "ग्रीकमध्ये अर्थ शिंगासारखं," हेही ठोकून दिलं.

शनिवारी कळलं, ते चुकलं. ग्रीकांनी शब्द आपल्याकडूनच नेलेला. संस्कृतात शृंगवेर, शृंग म्हणजे शिंग. पळत तिच्या घरी गेले, तर दारातूनच म्हणाली, "आत्ता नको गं, डोकं दुखतंय."

सोमवारी वर्गात निवड होती, आणि तिची पाळी माझ्या आधी आली.

"माझा शब्द, जिंजर."

मला वाटलं, गंमत करतेय. पण झिंगिबेरिस म्हणताना माझ्यासारखाच हात उडवला तिनं! वर, "ग्रीकमध्ये शिंग."

"ग्रीकमध्ये? नक्की?" नाथाजी सरांनी विचारलं.

"प्रियदर्शनीनं सांगितलं, सर."

म्हणजे शब्द तिचा, चूक माझी!

मग मी उठले. शृंगवेरपर्यंत सगळं सांगितलं. मागून बिरदेव ओरडला, "आरं, हिनं तर संयोगिताचंच उचललं की!" वर्ग खदाखदा हसला.

सर म्हणाले, "शब्द आधी ती बोलली. तू नुसती चूक दुरुस्त केलीस."

"आवं सर, माझाच हाय त्यो!" भाषणाची शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली. मी संयोगिताकडं बघितलं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ती कर्कटकानं बाक कोरत बसली.

सांगलीला तिचं नाव गेलं.

मधल्या सुट्टीत आली. "ते शृंगवेर लिहून दे की. आणि ते आलंपण दे, तिथं दाखवायला."

आईनं खास निवडून दिलेला गड्डा होता तो, सांबराच्या शिंगासारखा. लय बेणं हाय ही! मी तो तिच्या डोळ्यांदेखत कचाकचा चावून खाल्ला. मातीसकट.