वाकडं घर

सुतारकाम करून करून आजोबांचे हात राठ झाले होते आणि स्वभाव काटकोनी. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी दिसली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाच्या पदरी देवाने नात घातली ती अबोल. पाच वर्षांची झाली तरी घरात मोजून चार शब्द बोलायची, शाळेत तेवढेही नाहीत. सुट्टीनंतरही बोलली नाही तर तिला पुन्हा लहान गटात बसवू, असं बाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या आईच्या जिवाला घोर लागला होता.

आजोबांनी आपल्या परीने उपाय काढला. कारखान्यातून लाकडाचे उरलेले तुकडे पिशवी भरून आणले, घासून गुळगुळीत केले आणि नातीपुढे ओतले. तिने काहीतरी बांधावं आणि आपण हे काय, ते काय विचारून तिला बोलतं करावं, असा बेत होता. नात बांधायला लागली खरी, पण प्रश्नांना तिने दाद दिली नाही. आठवडाभर वकिलासारखी उलटतपासणी करून आजोबा रोज हात हलवत उठले.

रविवारी तिने डिंक लावून दोन घरं बांधली, एक उंच, एक बुटकं. उंच घर बुटक्यावर चांगलंच कललं होतं. ती अंघोळीला गेली आणि आजोबांचे हात शिवशिवले. गुण्याने कोन तपासत त्यांनी ते घर काटकोनात उभं केलं. वर मजबुतीला चार खिळेही ठोकले.

केस न पुसताच ती आली आणि जागीच थबकली.

"का सरळ केलं? ते वाकून त्याच्याशी बोलत होतं."

एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण आनंद व्हायच्या आधी त्यांना लाज वाटली. मुकाट्याने पक्कड घेऊन त्यांनी खिळे उपटले. अजून वाकवा, खिडकी त्याच्या कानाशी आली पाहिजे, असं नात सांगत गेली आणि ते वाकवत गेले. चाळीस वर्षांत त्यांनी मुद्दाम वाकडं असं काही केलं नव्हतं.

"आणि लहान घर काय म्हणतं?" न राहवून त्यांनी विचारलंच.

"ते अजून बोलत नाही. पण त्याला सगळं कळतं."

टॉवेल घेऊन मागोमाग आलेली तिची आई दारातच खाली बसली.

"मग मोठं घर काय करतं?" आजोबांनी पक्कड खाली ठेवली.

"गोष्ट सांगतं. सारखं विचारत नाही."

आजोबांना गोष्टी सांगता येत नव्हत्या. तरी मांडी घालून त्यांनी सुरुवात केली, एका गल्लीत दोन घरं राहत होती. तिसऱ्याच वाक्याला नातीने त्यांना अडवलं, तसं नव्हतं झालं म्हणाली, आणि पुढची सगळी गोष्ट तिनेच सांगितली.