सेकंदाला तीस आभाळे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी काळ्या पत्र्याची आहे. तिची डावी बाजू कायम उघडी ठेवावी लागते, कारण ती लावली की मी तापतो. माझा पंखा फिरू लागला की पाहुण्यांना वाटते, शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली. असे असूनही या घरात मला खिडकीजवळची चांगली जागा मिळाली आहे. ती कशी मिळाली, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म संभाजीनगरच्या कॅनॉट भागातल्या एका दुकानात झाला. वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले माझे भाग एका दुपारी एकत्र जोडले गेले. कारागिराने शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबले आणि मी जागा झालो. माझ्यात चित्रे काढणारे एक कार्ड बसवले होते. ते कार्ड म्हणजे माझे हात. पडद्यावर जे काही दिसते ते सारे तेच काढते. त्या काळी ते चांगल्यापैकी समजले जाई.

माझी पहिली चार वर्षे सिल्लोडला सांडू नावाच्या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत गेली. कापूस घरात आला की लग्ने निघत, आणि लग्ने निघाली की मला फुरसत नसे. मी नवऱ्या मुलींचे चेहरे उजळले. ज्यांनी अजिंठ्याच्या घाटापलीकडचा डोंगर पाहिला नव्हता, त्या नवरदेवांच्या मागे मी बर्फाची शिखरे उभी केली. पुढे सांडूने नवे यंत्र घेतले. मला उचलून देताना तो म्हणाला, "लई काम केलंय यानं. नीट वापरा."

मला घेणारे गृहस्थ होते राजकुमार. ते चितेगावच्या एका कारखान्यात वेल्डर होते. त्यांनी मला चादरीत गुंडाळले आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने विचारले, "काय हाय हो एवढं जपून?"

"पोरीचं शिक्षण हाय," राजकुमार म्हणाले.

ती पोरगी म्हणजे विशाखा. तेव्हा ती अकरावीत होती. सिडकोतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचे घर होते. तिने माझ्यावर अभ्यास केला, प्रोग्राम लिहायला शिकली, आणि अभ्यास झाला की एक खेळ खेळू लागली. त्या खेळात यान बांधायचे आणि एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जायचे. खेळ सुंदर होता. फक्त त्यातले ढग म्हणजे ग्रहावर चिकटवलेला रंगीत कागद. यान त्यातून गेले तरी काहीच होत नसे.

अशा खेळांना खेळणारे लोक आपल्या पदरची भर घालतात. त्या भरीला मॉड म्हणतात. कोणी नवे यान देतो, कोणी नवा ग्रह. विशाखाने ठरवले, आपण ढग द्यायचे.

आता अनंतरावांची ओळख करून देतो. ते खालच्या मजल्यावर पत्नीसह राहत. विमानतळाजवळच्या वेधशाळेत त्यांनी बत्तीस वर्षे आभाळाची नोंद केली होती. दर तीन तासांनी बाहेर यायचे, वर पाहायचे आणि लिहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला. समोर पाहिले की मधोमध करडा डाग दिसे. कडेने थोडेफार दिसे, तेही हलणारे असेल तर. उघड्या आभाळाचा उजेड तर त्यांना सोसतच नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी काठी टेकत वर येत आणि विशाखा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी.

एक दिवस तिने त्यांना माझ्यासमोर बसवले आणि आपले पहिले ढग दाखवले. अनंतरावांनी मान तिरपी करून कडेच्या नजरेने बराच वेळ पाहिले.

"हे ढग नाहीत बाळा," ते म्हणाले. "हा गाडीत ठासून भरलेला कापूस आहे."

विशाखा हिरमुसली, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. मग त्यांनी तिला शिकवले. ढगाचा तळ सपाट का असतो, उन्हाकडची कड पांढरी आणि पोट काळे का, वादळी ढग किती उंच चढतो. तीन वर्षे हे चालले. मी ते सारे ऐकत होतो आणि काढत होतो. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत आनंदाचे दिवस.

पुढे विशाखा इंजिनिअर झाली. पुण्याच्या एका कंपनीचे काम ती घरूनच करू लागली. तिने नवा लॅपटॉप घेतला. तो माझ्याहून कितीतरी ताकदवान होता. त्यावर तिने अखेर मनासारखे ढग केले. यान वाफेत शिरे, काचेवर धूसरपणा येई, ढगाची सावली दुसऱ्या ढगावर पडे. देशोदेशींच्या लोकांनी तिचे कौतुक केले. अनंतराव त्या लॅपटॉपसमोर बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "हां. हे आभाळ."

मी त्या वेळी पलंगाखाली होतो, अंगावर जुनी चादर घेऊन. माझ्या मागच्या जाळीत एका पालीने दोन अंडी घातली होती. मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

मग मे महिन्यात कंपनीने विशाखाला पुण्याला बोलावले. एक जूनला हजर व्हायचे होते. अनंतरावांनी तिला आशीर्वाद दिला आणि सहज हसत विचारले, "तू गेल्यावर आम्ही ढग कुठं बघायचे गं?"

विशाखाने लॅपटॉपकडे पाहिले. लॅपटॉप कामाचा, तो तिच्याबरोबर जाणार होता. राजकुमार म्हणाले, "आपण काकांसाठी नवं घेऊ." अनंतरावांनी काठी आपटली. "माझ्यासाठी यंत्र आणलंत, तर मी तुमचा जिना चढणार नाही."

त्या संध्याकाळी पलंगाखालची चादर उचलली गेली. राजकुमारांनी अंडी हलक्या हाताने काढून खिडकीच्या फटीत ठेवली आणि सायकलच्या पंपाने माझी धूळ उडवली. विशाखाने लॅपटॉपवरचे ढग माझ्यात उतरवले.

मित्रांनो, इथे माझ्या कामाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ढग खरा दिसायचा तर पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक रेघ आभाळात सोडायची. त्या रेघेवरून पाऊल पाऊल चालत जायचे आणि प्रत्येक पावलाला विचारायचे, इथे वाफ किती? ऊन किती पोचले? ठिपके वीस लाख, आणि एकेका ठिपक्याला सव्वाशे पावले. एवढे झाले की एक चित्र होते. हालचाल सलग दिसायची तर अशी निदान तीस चित्रे दर सेकंदाला हवीत. लॅपटॉप ती सहज काढी. मी जीव तोडून नऊ काढली.

"बंद पडलंय का?" अनंतरावांनी विचारले.

"चालू आहे, आजोबा."

"मला काहीच दिसत नाही गं. नुसता झटका बसतो अन् पुसून जातं."

त्यांचे डोळे फक्त सलग हालचाल पकडू शकत होते. झटके देणारे आभाळ त्यांच्यासाठी नव्हतेच. मी पंखा जोरजोरात फिरवला, पण दहावे चित्र काही निघेना.

विशाखाने पावले कमी केली. चित्रे वाढली, पण ढगाला साट्याच्या करंजीसारखे पापुद्रे सुटले. ते लपवायला तिने पावले थोडी मागेपुढे विस्कटली, तर ढगावर रवा सांडल्यासारखे दिसू लागले. मग तिने आधीच्या चित्राचा थोडा भाग पुढच्या चित्रात वापरला. रवा गेला, पण ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसे यानामागे फराटे उमटू लागले. बाहेर ऊन बेचाळीस अंशांवर होते. राजकुमारांनी घरातला एकुलता टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसले.

जायला आठ दिवस उरले. विशाखाने कीबोर्ड बाजूला सारला आणि तोंड ओंजळीत घेतले.

"जुनं हाय गं ते," राजकुमार म्हणाले. "त्याच्यानं व्हणार नाय. किती ताण देशील?"

"यावरच झालं पाहिजे, पप्पा. आजोबांची नजर दिवसेंदिवस चाललीय. दिवाळीला येऊन दाखवीन म्हटलं, तर तेव्हा ती असेल का?"

राजकुमारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखा दारात उभी राहून अनंतरावांची वाट पाहत होती. ते जिन्याने येत होते. मधल्या सपाट मोकळ्या जागेत त्यांनी तीन लांब ढांगा टाकल्या. पायरी जवळ आली तसे पाऊल आखडले. काठीने कड चाचपली, वीतभर सरकले, मग चढले. पुन्हा सपाट जागा आली, पुन्हा ढांगा.

"आजोबा, मधे एवढं झपाझप कसं चालता?"

"मधे काय आहे बघायला? मोकळं आहे ते. जपायचं कडेला."

विशाखा तशीच आत पळाली. अनंतराव दारातच उभे राहिले. राजकुमारांनी त्यांना हात धरून बसवले.

आतापर्यंत मी मोकळ्या आभाळातही तेवढीच बारीक पावले टाकत होतो. जिथे वाफेचा कण नाही तिथेही दर पावलाला थांबून विचारत होतो. विशाखाने मला लांब ढांगा टाकायला शिकवले. ढगाची कड लागली की एक ढांग मागे यायचे आणि मग बारीक पावलांनी आत शिरायचे. ढगाच्या दाट पोटात ऊन पोचतच नाही, तिथे आणखी पुढे न जाता थांबायचे. दूरच्या क्षितिजावरचे ढग तर तिने पातळ कागदावरच काढले. अनंतराव तिला म्हणाले होते, दूरच्या ढगाचा आम्ही नुसता आकार लिहायचो. काही गोष्टी मात्र सोडून द्याव्या लागल्या. ढगाची सावली दुसऱ्या ढगावर पडत नव्हती, आणि कडेचे नाजूक धागे थोडे जाडे झाले. विशाखाला ते सोडताना जड गेले, हे मी पाहिले.

पाच दिवसांनी तिने अनंतरावांना माझ्यासमोर बसवले आणि यान वर नेले. मी एकतीस चित्रे काढत होतो.

अनंतरावांनी मान तिरपी केली. खोलीत फक्त माझा पंखा ऐकू येत होता.

"थांब," ते म्हणाले. "डावीकडचा. तो वाढतोय."

"हो, आजोबा."

"वर पसरतोय. लोहाराच्या ऐरणीसारखा. अगं, वादळी आहे तो! लांबून जा, लांबून जा." ते खुर्चीतून अर्धे उठले होते. मग पुन्हा बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा. आभाळाचे आठ भाग केले तर सहा झाकलेले. वादळी ढग पश्चिमेला, वाढता."

राजकुमारांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढले आणि त्याच्या मागे ते लिहून घेतले.

विशाखाने हे हलके ढगही लोकांसाठी खुले केले. भारी यंत्रे असलेले काहीजण म्हणाले, पहिलेच चांगले होते. त्यांच्यासाठी तिने पहिलेही तसेच ठेवले. गंगापूरहून एका मुलीने कळवले, "ताई, आमचं मशीन जुनं आहे. आज पहिल्यांदा ढगातून गेले." विशाखाने ते मोठ्याने वाचले आणि माझ्या पत्र्यावर हलकी थाप मारली. देशोदेशींच्या कौतुकापेक्षा मला ती थाप मोठी वाटली.

एकतीस तारखेला सकाळी राजकुमारांनी मला उचलून खालच्या मजल्यावर अनंतरावांच्या घरी आणले आणि खिडकीजवळ ठेवले. पुण्याला निघण्यापूर्वी विशाखाने यान आपोआप ढगांतून उडत राहील अशी सोय केली आणि अनंतरावांच्या पत्नीला, यमुनाबाईंना, बटणे दाखवली. यमुनाबाई घाबरत होत्या. त्यांना ढगांचे प्रेमही नव्हते. बत्तीस वर्षे जेवणाच्या ताटावरून उठून आभाळ बघायला जाणारा नवरा त्यांनी सांभाळला होता. पण त्या शिकल्या. रोज साडेपाचला त्या मला सुरू करत आणि स्वयंपाकघरात जात.

पावसाळा संपता संपता अनंतरावांना माझ्यासमोर बसूनही दिसेनासे झाले. एका संध्याकाळी त्यांनी नुसतीच मान फिरवली, या बाजूला, त्या बाजूला, आणि हात मांडीवर ठेवले. यमुनाबाईंनी ते दारातून पाहिले. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"काय दिसतंय?" अनंतरावांनी विचारले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दिसतंय ते सांग."

"खाली सपाट आहे, लाटल्यासारखं. वर फुलकोबी फुललीय." त्या पुढे वाकल्या. "एक आपल्याकडं येतोय. मोठा आहे हो. आला… आला… अगं बाई, आत शिरलो आपण! सगळं पांढरं झालं."

अनंतरावांनी त्यांचा हात शोधला.

"आता बाहेर आलो," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "खाली नुसते ढगच ढग. ऊन पडलंय त्यांच्यावर. अहो, इतकं असतं हे? तुम्ही रोज हे बघत होतात?"

"रोज."

"मला कधी हाक नाही मारलीत."

"चुकलं," अनंतराव म्हणाले. "आता तू सांग. मी ऐकतो."

मित्रांनो, माझे फार दिवस उरले नसतील. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल तर महिन्यातून एकदा त्याची जाळी झटकून द्या. आणि पुढे मोठे होऊन काही सुंदर घडवाल, तेव्हा ते एखाद्या जुन्या, दमलेल्या यंत्रावर एकदा चालवून बघा. त्या यंत्रासमोर कोण बसले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

आता मला थांबले पाहिजे. साडेपाच वाजले, यमुनाबाई खुर्ची ओढत आहेत.