आधी टोपी, मग मीटर

ऑफिसात पाठीमागे सगळे ताईला ‘चाळणी’ म्हणत आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. राग यायचं सोडाच, तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. अणुइंधनाच्या कारखान्यांवर नजर ठेवणाऱ्या मंडळात ती तपासनीस होती, आणि तिच्या हाताखालून खडा काय, खड्याची भुकटीसुद्धा सुटत नाही अशी तिची ख्याती होती. गेली दोन वर्षं तिनं राहत्या गावातल्याच कारखान्याच्या नाकी नऊ आणले होते. कारखान्याचं मागणं ऐकायला साधं होतं. कामातून निघणारा हलका किरणोत्सारी कचरा, म्हणजे वापरलेले हातमोजे, पुसायची फडकी, गाळण्या, मोडीत निघालेले पाइप, असं सगळं ड्रममध्ये भरून गावाबाहेरच्या मातीच्या जुन्या खाणीत कायमचं पुरायचं. त्याला मंडळाची मंजुरी हवी होती, आणि मंजुरी ताईच्या शिफारशीवर अडली होती. तिनं खाणीच्या तळाला चिकणमातीचा जाड थर घालायला लावला, पाणी कुठं मुरतं ते पाहायला विहिरी खणायला लावल्या, ड्रमची झाकणं बदलायला लावली. ती दारात दिसली की कारखान्याचा मॅनेजर रुमाल शोधायला लागायचा. आता एकच काम उरलं होतं. आवारातून शेवटची फेरी मारायची आणि ‘हरकत नाही’ म्हणायचं.

तिचे वडील, आप्पा, याच कारखान्यात वेल्डर होते. हे तिनं वरच्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, ज्याचं कुणीच त्या कारखान्यात नव्हतं असा माणूस त्या गावात शोधायचा कुठून? आप्पांना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण कामगारांच्या वसाहतीत त्यांचा मान तसाच टिकून होता, आणि तो पाळण्यांमुळे टिकला होता. वसाहतीत कुणाकडे मूल व्हायचं असलं की वर्कशॉपवाले त्या घराला पोलादी पाइपचा पाळणा करून देत. तिथली रीतच होती ती. मोडीत निघालेले चकचकीत पाइप, किरणोत्सार मोजायचं मीटर लावून तपासलेले आणि ‘साफ आहे’ म्हणून हिरवा पट्टा ओढलेले. आप्पा ते असे जोडत की वरून हात फिरवला तर सांधा सापडू नये. “ह्या पोलादाला जन्मात गंज चढायचा नाही,” असं ते पाळणा देताना दर वेळी बजावत. पाइपच्या टोकांवर गोल, गुळगुळीत टोप्या असायच्या, अर्ध्या लिंबाएवढ्या. ताई अशाच पाळण्यात वाढली. दात येताना ती एका टोपीला तोंड लावून तासन् तास बसायची, आणि ही गोष्ट आप्पा अजून आल्यागेल्याला सांगून तिला लाजवत. आता त्याच पाळण्यात तिच्या भावाची मुलगी झोपत होती. नाव ठेवायचं राहून गेलं होतं, तोवर सगळे तिला ठमी म्हणत.

शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी ताई निघायच्या गडबडीत होती आणि आप्पांना नेमकं तेव्हाच पाळण्याला भोक पाडायचं सुचलं. ठमीच्या डोळ्यांपुढे लाकडी पक्षी टांगायचे होते म्हणे. वहिनी ठमीला मांडीवर घेऊन दाराशी बसली, आप्पांनी ड्रिल काढलं आणि ताईला पाइप धरून उभं केलं. ताई कुरकुरली, पण तिनं धरला. पोलाद चिवट होतं. आप्पांचा जोर ओसरला होता, हट्ट तेवढा शाबूत होता. शेवटी एकदाचं भोक पडलं आणि चमचमत्या किसाबरोबर थोडी काळसर भुकटी बाहेर आली.

“आतला गंज असेल,” आप्पा म्हणाले. “फुंकर मार जरा. पोरीच्या डोळ्यांत जायचा.”

ताईनं वाकून जोरात फुंकर मारली, हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं आणि पिशवी उचलून पळाली.

फेरी मजेत चालली होती. मॅनेजर आज रुमाल खिशातच ठेवून फिरत होता. मंजुरी मिळाली की सगळ्या माणसांना सुट्टी देणार आहे, असंही त्यानं सांगून टाकलं. भांडारावर देखरेख करणारे काका किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत पुढे चालले होते. ते आप्पांच्याच वेळचे. ताईला लहानपणी त्यांनी कडेवर घेतलेलं, त्यामुळे तिला ‘मॅडम’ म्हणताना त्यांची जीभ दर वेळी अडखळे. ड्रम पाहून झाले, गाळण्या पाहून झाल्या. अगदी टोकाला एक शेड होती. तिथं अणुइंधनाची भुकटी वाहून नेणाऱ्या जुन्या यंत्राचे काही पाइप घोडीवर रचून ठेवले होते. प्रत्येकावर हिरवा पट्टा. हे कचऱ्यात धरलेले नाहीत, मॅनेजर म्हणाला, कारण हे साफ आहेत.

ताईनं मान डोलावली आणि सहज, काही मनात नसताना, एका पाइपच्या टोकावर हात ठेवला. गोल, गुळगुळीत, अर्ध्या लिंबाएवढी टोपी. तिच्या अंगठ्याला ती आधीपासूनच ओळखीची होती.

तिनं काकांना विचारलं की ह्या टोप्या कशासाठी. काका खूश झाले. जुन्या दिवसांबद्दल हल्ली कोण विचारतं? त्यांनी रंगवून सांगायला सुरुवात केली. तेव्हा मीटरवाला एक फार चिडका माणूस होता. पाइप तपासायला घेतला की आतली भुकटी त्याच्या टेबलावर सांडायची, मीटरचं तोंड खराब व्हायचं, मग तो आरडाओरडा करायचा. म्हणून आप्पांनी युक्ती काढली. पाइप यंत्रातून निघाला की दोन्ही टोकांना आधी टोपी बसवायची, वरून धुवायचा आणि मगच मीटरवाल्याकडे पाठवायचा. टेबल स्वच्छ, मीटर स्वच्छ, माणूसही खूश. “वर्कशॉपात आम्ही म्हणायचोच, आधी टोपी, मग मीटर. तेव्हापासून एक पाइप कधी नापास झाला नाही.”

मॅनेजर कौतुकानं हसला. ताई हसली नाही.

ही भुकटी कशी असते ते तिला पाठ होतं. तिचा किरण इतका लेचापेचा की कागदाच्या कपट्यानंही अडतो. बाहेर असेल तर फारसं काही करत नाही. श्वासातून आत गेली तर मात्र तिथंच ठाण मांडून बसते. आणि जो किरण कागदानं अडतो तो पोलादाच्या पाइपमधून बाहेर येऊन मीटरला दिसणार तरी कसा? आत काहीही असो, टोपी बसवलेला पाइप बाहेरून साफच दिसणार. नापास होणार कसा तो?

“एक कापा,” ती म्हणाली.

मॅनेजरला वाटलं मॅडमचा नेहमीचा खोडा. तरी त्यानं काचेपलीकडच्या बंदिस्त खोलीत मुखवटे लावलेल्या माणसांना एक पाइप करवतीवर घ्यायला लावला. टोपी उडाली. खाली पसरलेल्या पांढऱ्या कागदावर काळसर भुकटी सांडली, आणि जवळ नेलेलं मीटर नुसतं कडकड करत सुटलं.

“गंज असेल,” मॅनेजर म्हणाला.

ह्या पोलादाला जन्मात गंज चढायचा नाही. ताईनं काचेला हात टेकला. सकाळचा तो कीस, ती काळसर भुकटी, आपल्या गालांत भरून घेतलेली हवा, आणि दाराशी वहिनीच्या मांडीवर जांभई देणारी ठमी, एवढंच तिला दिसत राहिलं.

कसाबसा तिनं घरी फोन लावला. वहिनीला म्हणाली, ठमीला पाळण्यातून काढ, तिचे आणि तुझे कपडे तिथंच सोड, दोघी अंघोळ करा आणि शेजारी जाऊन बसा. त्या खोलीत कुणी जायचं नाही, आप्पांनीही नाही. वहिनी भित्री, पण ताईचा आवाज असा काही लागला होता की तिनं एकही प्रश्न विचारला नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त दोन वर्षं वाया गेलेली पाहवत नव्हती. ताईनं पाळण्याचं सांगितलं तेव्हा तो तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की मॅडम, हा तुमच्या घरचा मामला आहे, आपण तो गुपचूप निस्तरू. तो एक पाळणा आजच उचलतो, ड्रममध्ये घालतो, बाळाला नवा आणून देतो. मंजुरीला कशाला हात लावता?

“एक?” काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “साहेब, एक कुठला? दर घरात आहे. तुमच्याकडेही दिला होता की आम्ही, थोरलीच्या वेळी.”

मॅनेजरनं खिशातून रुमाल काढला. पण घाम पुसायचं त्याला सुचलं नाही. तो नुसता हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, थोरली तो सासरी घेऊन गेली आहे.

ताईनं तिथूनच मंडळाला कळवलं, मंजुरी देता येत नाही. दोन वर्षांच्या कामावर स्वतःच्या हातानं पाणी सोडताना वाईट वाटेल, असं तिला पूर्वी वाटलं असतं. आता काहीच वाटलं नाही. वाटायला मन जागेवर नव्हतंच.

ती मीटर घेऊन घरी आली तेव्हा आप्पा पाळण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. आत जाऊ नका म्हटलं म्हणून आत गेले नव्हते, पण रुसले होते. सून आणि नात शेजाऱ्यांकडे, मुलगा कामावरून अर्ध्यात धावत निघालेला, आणि एवढं झालं काय ते कुणी धड सांगत नाही. ताईनं स्वतः मुखवटा लावला आणि एक त्यांना दिला. त्यांनी तो नाक मुरडून बांधला. ताईनं आत जाऊन मीटर पाळण्याच्या पाइपवर टेकवलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं. मीटर गप्प.

“बघ,” आप्पा म्हणाले. “पट्टा काय उगाच ओढायचे?”

मग तिनं मीटर सकाळच्या भोकाशी नेलं. कडकड सुरू झाली.

आप्पा उठले. ती नको नको म्हणत असताना त्यांनी मीटर तिच्या हातातून घेतलं. पाइपवर ठेवलं. गप्प. भोकाशी नेलं. कडकड. पुन्हा पाइपवर, पुन्हा भोकाशी. आयुष्यभर सांधे जसे तपासले तसेच, घाई न करता. शेवटी त्यांनी अंगठ्यानं टोपी चाचपली आणि मीटर बंद केलं.

“टोप्या मी बसवल्या,” ते म्हणाले. “त्या माणसाला त्रास नको म्हणून.”

ताईनं त्यांना समजावलं. भुकटी थोडीच असणार, कदाचित काहीच होणार नाही, उद्या दुपारी आपल्या सगळ्यांच्या तपासण्या आहेत, मंडळाचे डॉक्टरही घाबरू नका म्हणाले आहेत. हे सगळं खरंच होतं. पण ते सांगताना तिचा आवाज परक्या बाईसारखा येत होता. आप्पा ऐकत नव्हते. ते सकाळपासूनचं एकेक आठवत होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

“फुंकर तू मारलीस.”

“हो.”

“मी सांगितलं म्हणून.”

ताईनं त्यांच्या हातातलं मीटर काढून घेतलं.

“ठमी दाराशी होती,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पंखा चालू होता का गं तेव्हा?”

ताईला आठवेना. खूप आठवून पाहिलं तरी आठवेना. मग दोघांनीही एकदमच वर पाहिलं. वहिनी गडबडीत निघून गेली होती, त्यानंतर खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. पंखा सकाळपासून फिरतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची माणसं वसाहतीत घरोघर जाऊन पाळणे गोळा करणार होती. ताई निघाली तेव्हा आप्पा धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. तुम्हाला कुणी दार उघडायचं नाही, म्हणाले, मला उघडतील. त्यांनी तिच्याकडून मीटर मागून घेतलं आणि पुढे चालू लागले. ताईनं अडवलं नाही. मंडळाची माणसं चार पावलं मागे राहिली.

पहिलं घर कारखान्याच्या ड्रायव्हरचं होतं. दार त्याच्या सुनेनं उघडलं. तिचे दिवस भरत आले होते. एका हातानं कंबर धरून ती आप्पांकडे पाहून इतकं मनापासून हसली की ताईला तिच्याकडे बघवेना.

“आप्पा, तुम्हीच आलात? मी आज निरोप पाठवणार होते,” ती म्हणाली. “ह्यांचा पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. दोन भोकं तेवढी पाडून द्या. ठमीला टांगणार म्हणाला होतात तसे पक्षी टांगायचेत.”

आप्पांनी मीटर हळूच पाठीमागे घेतलं. सुनेनं दार आणखी उघडलं आणि आत या म्हणाली.